खोकडीला ऐकू आलेला धडा

मला गप्प बसता येत नाही. हे कौतुकानं सांगत नाही, माहिती म्हणून सांगते, कारण पुढं जे घडलं ते त्यामुळंच घडलं. सोलापुरात महापालिकेच्या शाळेत मी तीसएक वर्षं पहिली ते चौथीला शिकवलं. वर्गात निम्मी मुलं घरी तेलुगू बोलणारी, काही कानडी, काही उर्दू. त्यांना मराठीतून शिकवायचं म्हणजे एकच वाक्य चार तऱ्हांनी बोलायचं आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलायचं. निवृत्त झाल्यावर आवाज तेवढाच राहिला, बाक गेले. मुलगा पुण्याला, नवरा टीव्हीसमोर. एक दिवस मी भाजीवाल्याला बेरीज समजावून द्यायला लागले, तर तो म्हणाला, "आज्जी, मोबाईलमध्ये हाय की कॅल्क्युलेटर." घरी येऊन मी ठरवलं, आता कुठंतरी जायला पाहिजे, नाहीतर गल्लीतले लोक मला बघून रस्ता बदलतील.

शाळेतल्याच एका मैत्रिणीनं मला शहराबाहेरचं ते छोटं प्राणिसंग्रहालय सांगितलं. एका संस्थेनं चालवलेलं, नफाबिफा काही नाही. शाळांच्या मुलांना बोलवायचं, प्राणी दाखवून जंगल आणि माळ समजावून सांगायचे, एवढंच त्यांचं काम. "तिथं बोलायला माणूस हवंय," मैत्रीण म्हणाली, "तुझ्यासारखं." हे 'तुझ्यासारखं' तिनं कसं म्हटलं ते मी मनावर घेतलं नाही.

येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असायचा, "वाघ कुठाय?" वाघ नव्हता. सिंहही नव्हता. पंख मोडलेल्या दोन घारी होत्या, घुबडं होती, कुणीतरी फ्लॅटच्या बाल्कनीत पाळलेली कासवं होती, एक घोरपड, एक अजगर आणि एक म्हातारा कोल्हा. एकही प्राणी विकत आणलेला नाही. जखमी झालेले, नाहीतर माणसानं हौसेनं घरी नेऊन बिघडवलेले. बरा होईल तो वनखात्याच्या परवानगीनं परत सोडायचा आणि ज्याला सोडता येत नाही त्याला मुलांना दाखवायचं, असा तिथला नियम होता. तो कोल्हा पिल्लू असताना कुणाच्या तरी अंगणात साखळीला वाढला होता. आता साखळी नव्हती, पण पिंजऱ्यात तो दिवसभर एकाच वाटेनं फिरायचा. पायांनी जमिनीवर इंग्रजी आठाचा आकडा उमटला होता, चांगला खोल. मुलं विचारायची, "बाई, तो असा का फिरतोय?" मी सांगायचे, "व्यायाम करतोय." दोन वर्षं मी हे सांगत होते. खोटं आहे हे मला माहीत होतं, पण तिसरीच्या मुलांना सहलीच्या दिवशी काय सांगणार?

आणखी एक नियम होता. प्राण्यांना नावं ठेवायची नाहीत. वहीत नुसता प्राणी आणि आकडा. नाव ठेवलं की माणूस हाक मारतो, हाक मारली की प्राणी येतो आणि यायला लागला की तो कामातून गेला. हे मला पहिल्याच दिवशी तिथल्या मामांनी सांगितलं. मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने राखणदार. करमाळ्याकडच्या एका वाडीतले, अर्धं आयुष्य मेंढरांमागं माळानं हिंडण्यात गेलेलं. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, त्यांच्याहून मोठ्या वयाचे संस्थेचे अध्यक्षसुद्धा. मामा दिवसातून मोजून दहा वाक्यं बोलायचे, त्यातली पाच माझ्याशी, आणि ती सगळी "बाई, हळू" या अर्थाची.

त्या वर्षी पाडव्याच्या सुमाराला एका जेसीबीवाल्यानं केळीच्या खोक्यातून एक पिल्लू आणलं. माळावर कसलंतरी खोदकाम चाललं होतं, त्यात बीळ उकरलं गेलं होतं. बाकीची पिल्लं वाचली नव्हती. त्याला वाटलं कुत्र्याचं असेल, मग कुणीतरी सांगितलं कोल्ह्याचं आहे. आमच्या डॉक्टरांनी खोक्यात बघितलं आणि म्हणाल्या, "खोकड आहे. मादी." डॉक्टर अकलूजच्या, वयानं माझ्या मुलाएवढ्या. जनावरांच्या बाबतीत मऊ, माणसांच्या बाबतीत नाही.

खोकड म्हणजे कोल्ह्याहून लहान, मांजरापेक्षा थोडी उंच, राखी अंगाची आणि शेपटीचं टोक काळं. आपल्या सोलापूरच्या माळावर राहते. उंदीर, टोळ, वाळवी, बोरं, जे मिळेल ते खाते. जन्म इथंच गेला तरी मी ती तोवर पाहिलेली नव्हती. खोक्याच्या कोपऱ्यात ते पिल्लू कान मागं करून बसलं होतं. कान अंगाच्या मानानं फारच मोठे होते. मी "अगं बाई!" म्हणाले आणि मामांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

तिला दाखवायची नाही, परत माळावर सोडायची, असं डॉक्टरांनी त्याच दिवशी ठरवलं. मागच्या बाजूला, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात तिच्यासाठी जागा केली. चारही बाजूंनी हिरवी जाळी, आत माती, झुडपं आणि बीळ म्हणून पुरलेला सिमेंटचा पाईप. खाणं द्यायला जाळीतून एक नळी आत सोडलेली. मामा अंगावर जुनी घोंगडी घेऊन, तोंड झाकून, दिवस मावळताना जायचे, नळीतून खाणं ढकलायचे आणि आल्या पावली परत यायचे. ना माणूस दिसायचा, ना आवाज यायचा.

मे महिन्यात मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. महिना-दीड महिना धुळीत यायचं नाही, असं त्यांना बजावलं होतं. खोकडीचं काम कुणाकडं द्यायचं यावर चर्चा झाली. बाकीच्या दोघा राखणदारांना आधीच कामं फार होती, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीमुळं शाळा येत नव्हत्या, म्हणजे रिकामी मीच. डॉक्टरांनी वहीत माझं नाव लिहिलं. मामा बोलले.

"बाई, तोंडाला कुलूप घालायचं. माणसाचा आवाज आन् खाणं ह्ये त्येला एकदम मिळता कामा न्हाय. माणूस म्हंजी भाकर, आसं एकदा डोस्क्यात बसलं की संपलं. मग ते माळावर बी माणसामागंच जातंय आन् कुत्री तरी धरत्यात न्हायतर गाडीखाली तरी येतंय."

"मामा, मी काय लहान आहे का?" मी म्हणाले.

"न्हाय. लहान लेकरू गप बसतंय," मामा म्हणाले आणि ऑपरेशनला गेले.

मला राग आला आणि त्या रागातच मी ठरवलं की दाखवूनच देते. तेवढे दिवस मी जाळीपाशी एक अक्षर बोलले नाही. शिंक आली तर घोंगडी तोंडात कोंबली. एकदा नळीपाशी विंचू निघाला, तरी मी ओरडले नाही. तीस वर्षांत वर्गातल्या कुणालाच मी इतकी शांत दिसले नसेन. स्वतःचा मला फार अभिमान वाटला.

त्याच दिवसांत माझ्याकडं दुसरंही एक काम होतं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मुलांना नुसते प्राणी नको दाखवायला, माळाबद्दल काहीतरी सांगू, असं अध्यक्षांनी सुचवलं होतं. एका भिंतीवर माळाचं मोठं चित्र काढून घेतलं होतं, नुसतं गवत आणि आभाळ. त्यापुढं उभं राहून वीस मिनिटं बोलायचं. मी धडा लिहून काढला. सुरुवात अशी होती: "मुलांनो, समोर बघा. काहीच दिसत नाही ना?" मुलं "नाही, बाई" म्हणणार. मग मी एकेक करून सांगणार, या गवतात कोण असतं, जमिनीखाली कोण असतं, माळढोक कुठं अंडं घालतो, काळवीट कुठं झोपतो. शेवटचं वाक्य होतं: "आता सांगा, हा माळ कुणाचा?"

धडा नुसता लिहून होत नाही. तोंडात बसावा लागतो. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, हे बोलूनच कळतं. घरी नवरा म्हणायचा, "सिरियल चाललीय." म्हणून मी खाणं तयार करायच्या पत्र्याच्या शेडमध्ये म्हणायचे. संध्याकाळी खिमा करायचा, अंडं फोडायचं, घारींचं वेगळं, घुबडांचं वेगळं, आणि हात चालताना धडा मोठ्यानं म्हणायचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. खोकडीचं खाणं सगळ्यात शेवटी. "हा माळ कुणाचा?" झालं की घोंगडी पांघरायची, तोंड मिटायचं आणि जाळीकडं जायचं. रोज, त्याच क्रमानं. शाळेत वेळापत्रक पाळायची सवय, ती कुठं जाते?

शेड आणि जाळी यांच्यामध्ये कासवांचं टाकं आणि एक भिंत होती. इथून तिकडं काय ऐकू जाणार, असा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. धड्यात मधोमध एक वाक्य होतं, तेही मी रोज मोठ्यानं म्हणत होते: "खोकडीचे कान इतके तिखट, की जमिनीखाली चालणारा उंदीरही तिला ऐकू येतो." हे वाक्य मीच लिहिलं होतं. पुस्तकं बघून लिहिलं होतं. मुलांना ते आवडेल म्हणून तिथं आवाज जरा खाली आणायचा, हेही ठरवलं होतं. पण आपण जे बोलतोय ते खरं आहे आणि ती खोकड पलीकडं बसली आहे, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्या नाहीत. शिकवणाऱ्या माणसाचं हे असं होतं.

जुलैत वनखात्याचे साहेब तिला बघायला आले. माणूस पाहून ती पळते का, हे तपासायचं होतं. एक अनोळखी माणूस जाळीच्या आत गेला, ती पाईपमध्ये घुसली. दुसरा गेला, तेच. मामा काळा चष्मा लावून परत कामावर आले होते, तेही खूश दिसले. साहेब सही करायला पेन काढत होते आणि त्याच वेळी पुढच्या बाजूला होटगी रस्त्याकडच्या एका शाळेची बस आली. मी मुलांना चित्रासमोर बसवलं आणि सुरू केलं, "मुलांनो, समोर बघा."

धडा अर्ध्यावर आला तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यावर डॉक्टर दिसल्या. त्यांनी हातानं खूण केली, चालू ठेवा. मला वाटलं, धडा आवडलेला दिसतोय. मी आणखी रंगात आले. संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "परत म्हणा. सगळा." मुलं डबे खायला बसली होती, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा वास सुटला होता आणि मी रिकाम्या सतरंजीसमोर धडा म्हणत होते. तो झाल्यावर त्यांनी मला जाळीपाशी नेलं. जाळीला एक बारीक फट ठेवलेली होती. "आता इथून म्हणा," त्या म्हणाल्या.

"इथं बोलायचं नाहीये ना?"

"म्हणा, बाई."

मी म्हणायला लागले. पहिल्या वाक्यालाच पाईपातून ते मोठे कान बाहेर आले, मग ती सगळी बाहेर आली. उडी नाही, भीती नाही. नळीसमोर येऊन शेपटी पायांभोवती घेऊन बसली. मी बोलत राहिले, ती बसून राहिली. वर्गात इतक्या वर्षांत असं ऐकणारं मूल मला मिळालं नव्हतं. मी "हा माळ कुणाचा?" म्हणाले आणि तिनं उठून नळीत नाक घातलं.

"तुम्ही इथं बोलत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक शब्द नाही. शपथ."

"मग कुठं बोलत होता?"

मी सांगितलं. मामांनी शेडकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ती भितीवरल्या माळाची गोष्ट सांगता त्यात कानाचं हाय की हो," ते म्हणाले. मला जमिनीत जावंसं वाटलं. साहेबांनी पेन खिशात ठेवलं. म्हणाले, दसरा-दिवाळीच्या मधल्या काळात परत येतो. तोवर ही आवाजाला येणं सोडत नसेल, तर मग तिला इथंच ठेवा, जन्मभर. तशी बाहेर सोडली तर आठवडाभर जगायची नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. म्हातारे गृहस्थ, जागा त्यांनीच दिलेली. त्यांना सगळं सांगितलं तर ते खूश झाले. "अहो, हे उत्तमच झालं की! बाई बोलतात आणि खोकड येऊन बसते. मुलं कधी विसरणार नाहीत. शिक्षण शिक्षण म्हणतो ते याहून काय वेगळं असतं?" आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं. दोन दिवस मी मनात चित्र रंगवत होते: मुलं बसली आहेत, मी बोलतेय, शेजारी ती ऐकत बसली आहे. आपल्या आवाजाला कुणीतरी येतं, ही गोष्ट माझ्या घरात बरीच वर्षं झाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायच्या आधी एक बाई मुलाला घेऊन आल्या. अक्कलकोटकडच्या असाव्यात, मराठीत मधेमधे कानडी. मुलगा चांगला पंचविशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. त्याची बँकेची परीक्षा होती. "कोल्ह्याचं तोंड बघितलं की काम होतंय म्हणत्यात, नरी मुख," त्या म्हणाल्या, "दोनच मिंट बघून जातो की." असे लोक अधूनमधून यायचे. कोर्टाची तारीख असली, मुलगी बघायला जायचं असलं, की यायचे. मी त्यांना कोल्ह्यापाशी नेलं. कोल्हा फिरत होता. मुलगा तोंड दिसायची वाट बघत उभा राहिला, कारण कोल्हा या टोकाला वळला की तोंड दिसायचं आणि लगेच पाठ. दोनतीनदा दिसल्यावर त्यानं हात जोडले आणि मोबाईलवर फोटो काढला. जाताना त्या बाईंनी विचारलं, "ह्ये आसं का फिरतंय?"

माझ्या तोंडातून "व्यायाम" बाहेर पडेना. मी म्हणाले, "वेड लागलंय त्याला. माणसात वाढला म्हणून."

"अय्यो पापा, बिचारं," त्या म्हणाल्या आणि मुलाला घेऊन गेल्या. मी तिथंच उभी राहिले. त्या आठाच्या आकड्याकडं मी दोन वर्षं बघत होते, पण त्या दिवशी तो कुणीतरी केला आहे असा दिसला. कोल्ह्याचा आकडा कुणी अनोळखी माणसानं केला होता. खोकडीचा मी करणार होते, आणि वर त्यापुढं उभी राहून धडा म्हणणार होते. मला स्वतःची किळस आली. मी सरळ डॉक्टरांकडं गेले आणि म्हणाले, "तिला सोडायचं. काय करायचं ते सांगा."

"तुम्हाला आवडणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

नाहीच आवडलं. त्यांचं म्हणणं असं, की आवाज आणि खाणं यांची जी गाठ बसली आहे ती सोडवायची तर आवाजाची दुसरी गाठ बांधायला हवी. खाणं आता वेळ बदलून, जागा बदलून, मामा देणार. आणि रोज संध्याकाळी मी जाळीपाशी येऊन धडा म्हणायचा. ती बाहेर आली की मामा मागून पत्रा बडवणार, ढेकळं जाळीवर मारणार, पाण्याचा फवारा सोडणार. तिला लागू द्यायचं नाही, पण धडकी भरली पाहिजे. "तुमचा आवाज म्हणजे संकट," डॉक्टर म्हणाल्या, "हे तिला शिकवायचंय. आणि ते तुम्हीच शिकवू शकता."

मी वर्गात छडी वापरत नव्हते. सुरुवातीला एकदोनदा वापरली होती, ती मुलं अजून आठवतात, म्हणून पुढं कधीच नाही. आणि आता या वयात हे.

पहिल्या दिवशी मी "मुलांनो, समोर बघा" म्हणाले, ती नेहमीसारखी आली, बसली आणि मामांनी पत्र्यावर दांडकं हाणलं. ती जागच्या जागी उडाली, पाईपात गेली. मी थांबले. पलीकडून मामा ओरडले, "थांबू नगा! बोला!" मी बोलत राहिले. दोन मिनिटांत ते कान परत बाहेर आले. पत्र्याला भिऊन ती माझ्या आवाजाकडं येत होती. मामांनी परत हाणलं. मी धडा पुरा केला, शेडमध्ये गेले आणि पदर तोंडाला लावून रडले.

असं महिनाभर चाललं. ती यायचीच. उशिरा यायची, दबकत यायची, पण यायची. घरी मी नवऱ्याला हे सांगितलं, तर त्यानं चक्क टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाला, "मग आवाज बदलून बघ." त्याला काय कळतंय, असं मी म्हणणार होते. पण विचार केल्यावर कळलं, की मी धडा म्हणताना चुचकारत होते. पत्रा वाजणार हे मला माहीत असायचं, म्हणून आधीच माझा आवाज मऊ व्हायचा, पडलेल्या मुलाला जवळ घेताना होतो तसा. मामा एक शिकवत होते आणि मी दुसरं. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना म्हणाले, "आज पत्रा मी वाजवते."

"तुम्ही?"

"बोलणार पण मीच आणि वाजवणार पण मीच. तिला कळू दे की हे माझंच काम आहे."

एका हातात दांडकं, दुसऱ्या हातात पत्रा. "मुलांनो," म्हणाले आणि हाणलं. "समोर," हाणलं. "बघा." तिनं माझ्याकडं बघितलं. जाळीच्या फटीतून आमची नजरानजर झाली की नाही सांगता येत नाही, मला झाली असं वाटलं. त्या दिवशी ती परत बाहेर आली नाही. पुढच्या दिवशी आली, पण निम्म्यावरून फिरली. गणपती बसले तेव्हा ती माझ्या पहिल्या वाक्याला नुसते कान बाहेर काढायची. घट बसायच्या आधी कानही येईनासे झाले. रोज संध्याकाळी मी एका रिकाम्या जागेसमोर वीस मिनिटं बोलायचे आणि डॉक्टर वहीत लिहायच्या, "आली नाही." मामा म्हणायचे, "झ्याक." मी घरी जाऊन जेवायचे नाही.

त्या दिवसांत शाळांची मुलं आली की मी त्यांना फाटकाबाहेर लिंबाखाली बसवायचे आणि अगदी हळू बोलायचे. हळू बोललं की मुलं पुढं सरकून जवळ बसतात, हे मला इतक्या उशिरा कळलं. कोल्ह्याबद्दल विचारलं तर जे खरं ते सांगायचे. रडली कुणीच नाहीत. एका मुलीनं विचारलं, "मग त्याला वाढवणाऱ्याला हे कुणी सांगितलं का?" मी म्हणाले, माहीत नाही.

दसरा झाल्यावर साहेब आले. मी फटीपाशी उभी राहून सगळा धडा म्हणाले. जाळीत पान हललं नाही. साहेबांनी सही केली.

सोडायला मी जाणार नव्हते. मी तिथं नको, हे सरळ होतं. पण डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, गाडीत बसा, काहीही बोलू नका. आम्ही माळढोकाच्या अभयारण्याच्या बाजूच्या माळावर गेलो तेव्हा उन्हं उतरली होती. गवत गुडघाभर, पिवळं पडायला लागलेलं. मामांनी पेटी खाली ठेवली आणि दार वर ओढलं. बराच वेळ काही झालं नाही. मग ती बाहेर आली, चार पावलं गेली आणि खाली बसली.

ती जाईना. मातीचा वास घेतला, कान इकडंतिकडं केले, आमच्या पायांकडं बघितलं आणि पेटीकडं वळली. पेटी ओळखीची होती. मामांनी पाय आपटला, ती पेटीच्या आडोशाला सरकली. लांब रस्त्यावर कुणाचीतरी दोन कुत्री दिसत होती. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मला कशाला आणलं होतं ते आत्ता कळलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "बोला."

तोंडाशी आला तो चुचकारणारा आवाज. तसल्या आवाजानं भागलं नसतं, तो मऊ आवाज तिला माहीत होता. मी खाकरले आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज काढला.

"मुलांनो, समोर बघा!"

ती उडालीच. वाक्य संपायच्या आत ती गवतात होती, रेघ मारल्यासारखी एकदा दिसली, शेपटीचं काळं टोक दिसलं, मग गवत थोडं हललं आणि तेही थांबलं. एकदाही तिनं मागं बघितलं नाही. मला फार वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं, दोन्ही एकदम. मी रडत होते आणि ते लपवायला मला सुचत नव्हतं. मग सवयीनं, काही ठरवून नाही, तोंडातून पुढचं वाक्य आलं.

"काहीच दिसत नाही ना?"

मामांनी चष्मा काढला, ऑपरेशन झालेला डोळा बारीक करून माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितला.

"न्हाय, बाई," ते म्हणाले.